दुर्मीळ घड्याळे : संग्रह की साठा?

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन या चार देशांशी भारताने केलेला व्यापार-करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला आहे. त्यान्वये स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरावयाचे आहे. चावीच्या मनगटी घड्याळांची हौस सधन घरांत आधीच शिरली आहे. ती आता वाढीस लागेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. या हौसेची एक शाखा विशेष मोहक आहे. ती म्हणजे वेळ निराळ्याच रीतीने दाखविणारी आणि मोजक्याच संख्येने घडविलेली घड्याळे. कुणाला काटेच नसतात, कुणाचा तासाचा आकडा खिडकीत उडी मारून बदलतो, तर कुणाच्या पाठीवर 'शंभरांपैकी सत्तावन्नावे' असा लेख कोरलेला असतो. या हौसेस आमचा विरोध नाही. परंतु वस्तूची पारख हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्यांनी येथेही एक प्रश्न स्वतःस विचारावा असे आम्हांस वाटते : आपण करतो तो संग्रह, की साठा?

प्रथम या वस्तूंचे मर्म पाहू. वेळ दाखविण्याच्या निराळ्या रीती केवळ चमत्कृतीसाठी निघाल्या नाहीत. सतराव्या शतकात पोप सातवे अलेक्झांडर यांना निद्रानाशाचा विकार होता. रात्री अंधारात दिसेल आणि टिकटिक करून झोप मोडणार नाही असे घड्याळ त्यांना हवे होते. रोम येथील कंपानी बंधूंनी ते घडविले. त्यात तासाचा आकडा कोरून आरपार केलेला असे, मागील दिव्याचा उजेड त्यातून येई, आणि तो आकडाच कमानीवरून हळूहळू सरकत वेळ दाखवी. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संगीत-नाट्यगृहात १८४१ मध्ये गुटकेस या घड्याळजीने रंगमंचाच्या वर दोन खिडक्यांचे घड्याळ बसविले. एका खिडकीत तास आणि दुसरीत पाच-पाच मिनिटांनी बदलणारा आकडा. काट्यांची तबकडी दूरच्या प्रेक्षकास मंद उजेडात वाचता येईना, म्हणून ही योजना. पुढे १८८३ मध्ये योसेफ पालवेबर या ऑस्ट्रियन अभियंत्याने आकडे उडी मारून बदलणाऱ्या खिशातील घड्याळाचे एकस्व घेतले आणि शाफहाउझेन येथील आय. डब्ल्यू. सी. कंपनीने ती घड्याळे बाजारात आणली.

येथे अडचण होती ती जोराची. काटा हलका असतो व संथपणे फिरतो. आकड्यांची चकती जड असते व तिला एका क्षणात ढकलावे लागते. हा जोर मुख्य स्प्रिंगमधूनच यावयाचा. तो प्रत्येक मिनिटास असा खर्ची पडू लागला की घड्याळाच्या चालीवर ताण येतो. पालवेबरची घड्याळे काही वर्षांतच मागे पडली, त्याचे हे एक कारण होय. ग्लासह्यूट येथील लांगे कंपनीने २००९ मध्ये 'त्साइटवेर्क' हे मनगटी घड्याळ काढले, तेव्हा हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडविला. त्यात एक लहान मधली स्प्रिंग मिनिटभर जोर साठविते व मिनिट पुरे होताच सोडते. त्यामुळे दर मिनिटास एक चकती, दर दहा मिनिटांस दोन आणि तास भरताच तिन्ही चकत्या एकदम उडी घेतात, आणि तरीही चाल बिघडत नाही. या कंपनीचा मूळ पुरुष फर्डिनांड आडोल्फ लांगे हा त्याच गुटकेसचा शिष्य व जावई होता, हेही येथे सांगण्याजोगे आहे. असे घड्याळ हाती घेणारा पावणेदोनशे वर्षांच्या एका प्रश्नाचे उत्तरच हाती घेत असतो.

आता 'मर्यादित संख्या' या शब्दांकडे वळू. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सायको कंपनीने स्फटिकाचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि अचूकपणाच्या शर्यतीत चावीचे घड्याळ कायमचे मागे पडले. तेव्हापासून ते कारागिरी म्हणूनच जगत आहे. या कारागिरीचे काही नमुने खरोखरच दुर्मीळ आहेत. जिनिव्हा येथे १९९७ मध्ये सुरू झालेली उर्वेर्क ही छोटी पेढी वर्षास सुमारे दीडशेच घड्याळे घडविते, कारण हातांची व दिवसांची संख्याच तेवढी. परंतु याच बाजारात दुसराही प्रकार चालतो. यंत्र तेच, कवच तेच, फक्त तबकडीचा रंग निराळा, आणि पाठीवर आकडा. माल कमी पडणे आणि माल कमी पाडणे यांतील भेद आपणांपैकी प्रत्येकास पेढीवर बसल्याच्या पहिल्या वर्षी कळतो. धान्याच्या बाजारात ज्यास आपण नाव ठेवतो, त्यास घड्याळाच्या बाजारात कौतुक का मानावे?

मोजकी प्रत काढणे हाच दोष, असे मात्र आम्ही म्हणत नाही. लांगे यांनी २०१० मध्ये त्साइटवेर्कच्या शंभर प्रती अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसह काढल्या. चकत्या तबकडीखाली झाकलेल्या असल्या तरी त्यांना प्रकाश मिळावा, म्हणून तबकडीच अर्धपारदर्शक करावी लागली. तेथे संख्येमागे कर्तृत्व आहे. मॉस्कोच्या कोन्स्तान्तिन चाइकिन यांनी २०१७ मध्ये काढलेल्या 'जोकर'च्या नव्व्याण्णव प्रतींत दोन डोळे तास-मिनिटे दाखवितात व जिभेच्या जागी चंद्राची कला दिसते. तेथे विनोदबुद्धी आहे. सारांश, आकडा वाचण्यापूर्वी त्यामागे नवे काय घडले ते विचारावे.

भाव चढतील या आशेने घेणाऱ्यांस आम्ही अधिक स्पष्ट सांगू. २०२१ मध्ये व २०२२ च्या आरंभी हातबदलाच्या घड्याळांचे भाव गगनास भिडले होते; त्याच वर्षाच्या मध्यापासून ते उतरू लागले. ज्यांनी आवडीने घेतले त्यांच्यापाशी घड्याळ राहिले. ज्यांनी भावासाठी घेतले त्यांच्यापाशी तोटा राहिला. शिवाय सोन्याची लगड तिजोरीत झिजत नाही, घड्याळाचे तसे नाही. वर्षानुवर्षे बंद राहिले तर त्यातील तेल घट्ट होते, आणि उडी मारणाऱ्या चकत्यांचे यंत्र बाजारातील घड्याळजीच्या आवाक्यात नसते. ते बहुधा मूळ पेढीकडेच धाडावे लागते. म्हणून खरेदीपूर्वी कागदपत्रे जशी पाहावी, तशीच ते दुरुस्त कोण करील याचीही चौकशी करावी.

आवड लहान भांडवलावरही जोपासता येते. सरकारी एच. एम. टी. कारखान्याने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूर येथे घड्याळे घडविण्यास प्रारंभ केला. २०१६ मध्ये ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. देवनागरी अंकांच्या तबकडीची त्यांची घड्याळे आज हौशी लोक शोधीत फिरतात. त्यांतही जुनी तबकडी नव्याने रंगवून अस्सल म्हणून विकणारे आहेत, तेव्हा डोळा तयार करावा लागतो. हा तयार डोळा हीच संग्राहकाची खरी पुंजी, आणि ती तिजोरीपुढे बसून मिळत नाही.

संग्रहाचे सार्थक कशात, हे पाहावयाचे असेल तर हैदराबादेच्या सालारजंग संग्रहालयात जावे. तिसरे सालारजंग १९४९ मध्ये निवर्तले. त्यांचा संग्रह १९५१ मध्ये जनतेस खुला झाला. त्यातील एका घड्याळात तास भरताच दाढीवाला बाहुला बाहेर येऊन टोले देतो, आणि ते पाहण्यास माणसे आधीपासून जागा धरून बसतात. त्या घड्याळाची किंमत त्यांतील कुणी विचारीत नाही.

आपल्या व्यापारी बंधूंनी घड्याळे अवश्य घ्यावीत. मात्र घेतलेले घड्याळ मनगटावर चढवावे, त्यास नेमाने चावी द्यावी, त्यातील चाके कशी फिरतात ते मुलांस समजावून सांगावे, आणि गावातील घड्याळजीस बोलावून दाखवावे. जे घड्याळ कुणी पाहत नाही, ते कितीही दुर्मीळ असले तरी वेळ दाखविण्याचे आपले काम करीत नाही. आणि काम न करणारा माल गोदामात पडला, तर आपण त्यास संग्रह म्हणत नाही.