कोरल ड्रॉ : परतीची वाट राखून केलेले काम

लग्नसराई जवळ आली की छोट्या गावांतील छापखान्यांचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहतात, आणि तेथील संगणकाच्या पडद्यावर बहुधा कोरल ड्रॉ उघडलेले असते. कॅनडातील ओटावा येथील कोरल कंपनीने १९८९ मध्ये ते प्रथम बाजारात आणले. पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्स, रेडियमची अक्षरे अशी कामे घरबसल्या करणारे अनेक तरुण, आणि आता कितीतरी गृहिणीही, याच प्रणालीवर अवलंबून आहेत. त्यांना शॉर्टकट सांगणाऱ्यांची वाण नाही. शंभर-दीडशे कळांचे तक्ते सहज मिळतात. त्या तक्त्यांत एक गोष्ट मात्र क्वचितच लिहिलेली असते. काही कळांनी केलेले काम उद्याही बदलता येते, तर काही कळा परतीची वाट कायमची बुजवतात. पाचशे पत्रिका छापून झाल्यावर वराच्या आडनावातील चूक दिसते, तेव्हा हा भेद किती महाग आहे ते उमगते.

या प्रणालीत चित्र साठते कसे, ते आधी पाहावे. छायाचित्र ठिपक्यांचे बनलेले असते आणि ताणले की फाटल्यासारखे दिसते. कोरलमधील आकृती म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषांचे गणित. म्हणून तीच आकृती बोटभर लेबलावर आणि वीस फुटी फलकावर सारखीच रेखीव उमटते. हे गणित जन्मले मोटारींच्या कारखान्यांत. फ्रान्समध्ये सिट्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉचे पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या बाह्यांगांचे वळसे नेमके मांडण्यासाठी ही रीत स्वतंत्रपणे घडवली. कास्तेल्जो यांचे काम कंपनीने दीर्घकाळ गुप्त ठेवले, त्यामुळे वक्ररेषेला नाव लागले ते बेझिए यांचे.

नवशिक्याने पहिला अर्धा तास एका वर्तुळावर खर्च करावा. एफ-सात दाबून, कंट्रोल धरून वर्तुळ काढावे, कंट्रोल-क्यूने त्याचे कर्व्हमध्ये रूपांतर करावे आणि एफ-दहाने शेप टूल घ्यावे. त्या संपूर्ण गोलाईला अवघे चार बिंदू पुरलेले दिसतील. एक बिंदू निवडून त्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या ओढल्या की वर्तुळाचे पान होते, थेंब होतो, आंब्याची कोयरी होते. रेषेवर दोनदा क्लिक केल्यास नवा बिंदू येतो, बिंदूवर दोनदा केल्यास तो जातो. बिंदू जितके कमी, तितकी रेषा नितळ. छायाचित्रावरून आपोआप रेखाटन करून देणारी सोय मोहक खरी, पण ती शेकडो बिंदू पेरून ठेवते आणि पुढे एखादा वळसा सुधारायचा म्हटले की हात कुठे लावावा ते कळत नाही. चार बिंदूंत भागते तिथे चाळीस वापरणे हा आळसच, फक्त यंत्राकडून करवून घेतलेला.

पत्रिकेच्या कोपऱ्यातील बारा पाकळ्यांचे फूल घेऊ. पाकळी एकच काढावी. निवडलेल्या पाकळीवर पुन्हा एकदा क्लिक केले की फिरवण्याचे बाण आणि मधोमध केंद्राची खूण दिसते. ती खूण ओढून पाकळीच्या खालच्या टोकावर ठेवावी. आता कंट्रोल धरून पाकळी फिरवावी. सहसा ती पंधरा-पंधरा अंशांच्या टप्प्यांनी सरकते, म्हणून दोन टप्पे घ्यावेत. डावे बटण सोडण्यापूर्वी उजवे दाबले की मूळ पाकळी जागेवर राहते आणि तीस अंशांवर तिची प्रत तयार होते. मग कंट्रोल-आर दहा वेळा. फूल पूर्ण झाले, तेही हाताने कधीच साधणार नाही इतके समप्रमाण. कंट्रोल-जीने ते एका गटात बांधावे. गट कंट्रोल-यूने केव्हाही सुटतो.

कलश, समई, तोरण अशा दोन्ही बाजूंनी सारख्या आकृत्यांची गोष्ट याहून सोपी. उजवा अर्धा भाग काढावा, त्याच्या बाजूचा मधला चौकोन कंट्रोल धरून विरुद्ध दिशेला ओढावा आणि सोडण्यापूर्वी उजवे बटण दाबावे. आरशातला दुसरा अर्धा भाग शेजारी उभा राहतो. दोन्ही भाग थोडे एकमेकांवर सरकवून वेल्ड केले की सलग कलश मिळतो.

वेल्डपाशी मात्र हात थांबवावा. गट सुटतो, वेल्ड झालेले आकार पुन्हा वेगळे निघत नाहीत. छायाचित्राबाबतही तसेच. पॉवरक्लिपने फोटो चौकटीत बसवला तर तो आत अखंड राहतो, उद्या चेहरा डावीकडे सरकवायचा झाला तर सरकवता येतो. क्रॉपने कापलेला भाग मात्र गेला तो गेला. कंट्रोल-झेड आहेच, असे कोणी म्हणेल. पण त्या कळेचे राज्य फाईल बंद होईपर्यंतच. दुसऱ्या दिवशी उघडलेल्या फाईलला कालच्या पायऱ्या ठाऊक नसतात.

उपाय साधा आहे. वेल्ड, ट्रिम किंवा क्रॉप करण्यापूर्वी उजवीकडील अंकपट्टीवरचे अधिक चिन्ह दाबावे. निवडलेल्या वस्तूची प्रत तिच्याच जागी तयार होते. ती ओढून पानाबाहेर ठेवावी. पानाबाहेरची जागा छापली जात नाही, ती कोठीच्या खोलीसारखी वापरावी. प्रत ओढून बाजूला न्यायला विसरू नये, कारण एकावर एक बसलेल्या दोन आकृत्या डोळ्यांना एकच दिसतात. रेडियम कापणाऱ्या प्लॉटरला मात्र त्या दोनच असतात आणि पाते एकाच रेषेवरून दोनदा फिरून खालचा कागदही कापते. कंट्रोल-ए दाबून खालच्या पट्टीत दिसणारा वस्तूंचा आकडा पाहिला तर अशी लपलेली प्रत सापडते.

जुळवणीच्या एकाक्षरी कळाही हाताशी असाव्यात. आधी हलवायची वस्तू निवडावी, मग शिफ्ट धरून जिच्याशी जुळवायचे ती निवडावी. सी दाबल्यास दोन्हींचे मध्य एका उभ्या रेषेत येतात, ई दाबल्यास आडव्या रेषेत. पी दाबल्यास निवडलेली वस्तू पानाच्या मध्यावर जाते. मजकुरात कर्सर लुकलुकत असताना मात्र ही कळ निमूटपणे अक्षरच टंकते, आणि यजमानांच्या नावात घुसलेला तो इंग्रजी सी कोणाच्या लक्षात येईलच असे नाही.

सर्वांत जपून वापरायची कळ म्हणजे कंट्रोल-क्यू. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. त्यामुळे छापखान्याकडे पाठवताना मजकूर कर्व्ह करणे भागच असते. पण कर्व्ह झालेले अक्षर हे अक्षर उरत नाही, ते चित्र होते. त्यात ‘कुलकर्णी’चा रफार राहिला असेल तर तो टंकून घालता येत नाही.

म्हणून फाईली दोन ठेवाव्यात. पहिलीत मजकूर टंकलेल्या रूपात राहील. ती कोणालाही देऊ नये. घरच्या वडीलधाऱ्यांनी कागदावर प्रूफ वाचून सही केल्यानंतरच कंट्रोल-शिफ्ट-एसने दुसऱ्या नावाने प्रत करावी, त्या प्रतीत सर्व निवडून कंट्रोल-क्यू दाबावे आणि डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये कोठे फॉन्टचे नाव उरले आहे का ते पाहावे. पॉवरक्लिपच्या आत ठेवलेला मजकूर हमखास निसटतो. रूपांतरानंतर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावीत. युनिकोड मजकूर जुन्या आवृत्तीत उघडला असेल तर विशेषच.

आकार बदलण्यापूर्वी एफ-बाराने रेषेची खिडकी उघडून ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ची खूण तपासावी. ती नसेल तर मोठ्या पत्रिकेवरील नाजूक वेलबुट्टी लिफाफ्यासाठी लहान करताच जाड काळ्या गोळ्यासारखी दिसते, कारण आकृती लहान होते पण रेषेची जाडी तेवढीच राहते. बारीक मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के असावा. चारही शायांपासून बनलेला काळा छपाईत केसभर सरकला तरी अक्षरांना रंगीत सावली येते. पार्श्वभूमी कडेपर्यंत असेल तर ती चारही बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर वाढवावी.

शेवटी छापखान्यात कोणती आवृत्ती आहे ते फोन करून विचारावे. नव्या आवृत्तीतली फाईल जुनीत उघडत नाही. जतन करतानाच्या खिडकीत जुनी आवृत्ती निवडण्याची सोय आहे. सोबत एक पीडीएफही पाठवावी, म्हणजे पत्रिका मुळात कशी दिसायला हवी ते यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला ताडून पाहता येते.