कारखान्यातला कामगार राजभवनात गेला, आपल्या बोटीवरचा कधी जाणार?



बंदीच्या दिवसांत आपली बरीच कुटुंबं महाकालाच्या दर्शनाला उज्जैनला जातात. मुंबईहून अवंतिका गाडीने गेलात तर उज्जैनच्या आधी नागदा जंक्शन लागतं. आपण चहा घेतो आणि पुढे जातो. आज त्या नागद्यातल्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे.

थावरचंद गेहलोत. १९४८ साली नागद्याजवळच्या रुपेटा गावात, दलित कुटुंबात जन्म. चंबळ नदीकाठच्या ग्रासिमच्या कारखान्यात त्यांनी मजुरी केली. तिथेच युनियनच्या कामात पडले आणि तिथून राजकारणात आले. १९८० मध्ये आलोटचे आमदार, १९९६ ते २००९ शाजापूरचे खासदार, २०१४ पासून केंद्रात सामाजिक न्याय मंत्री, आणि जुलै २०२१ मध्ये कर्नाटकाचे राज्यपाल.

पक्ष कोणता, हा वाद इथे नको. आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. ते मंत्री असताना २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला. आधी कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते २१ झाले. सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं. याचा आपल्याशी काय संबंध, असं म्हणू नका. विंचच्या दोरात हात गेलेला खलाशी कुठल्या बंदरावर नाही? तो घरी बसतो, बायको म्हावरं विकून घर चालवते, आणि त्याचं दिव्यांगाचं कार्ड काढायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. कायदा आहे, पण त्याचा हात धरून सरकारी दवाखान्यात नेणार कोण? ते काम सोसायटीचं, म्हणजे आपलं आहे.

दुसरी गोष्ट कडू आहे. माणूस एवढा वर गेला, तरी नागद्याच्या खालची चंबळ प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादीत आलीच. याचं खापर एका माणसावर फोडायचं नाही. पण आपला माणूस खुर्चीत बसला म्हणजे आपलं पाणी आपोआप स्वच्छ होत नाही. मागे लागणारी माणसं खाली उभी असावी लागतात. खाडीत सोडलेल्या घाण पाण्याने आपली मासळी गेली, ते आपण पाहिलंच आहे.

आता आपल्याकडे बघू. डिझेलचा परतावा अडकला, जेटीचं काम रखडलं की आपण पुढाऱ्याच्या दारात निवेदन घेऊन उभे राहतो. हार घालतो, फोटो काढतो, परत येतो. आपल्यातलाच कुणी तिथे बसावा असं वाटत असेल तर त्याला आधी बोलायला शिकवायला हवं, आणि ते सोसायटीच्या सभेतच होऊ शकतं. गेहलोत काही थेट दिल्लीत उतरले नाहीत. सुरुवात कारखान्याच्या युनियनपासून झाली.

आणि आपल्या वार्षिक सभेत काय होतं? पुढच्या खुर्च्या नाखवांच्या. तांडेल मागे उभा. खलाशी तर आतच येत नाही, आणि बाजारात बसणाऱ्या बायकांना सभेची तारीखही कळत नाही. नाखवा मंडळींनो, राग मानू नका. बोट तुमची, कर्ज तुमच्या डोक्यावर, हे मान्य. पण ज्याचा हात दोरात जातो त्याला बोलूच दिलं नाही, तर उद्या आपली बाजू मांडणारा येणार कुठून?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: येत्या सभेत पहिला अर्धा तास खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बायकांना द्या. आणि बंदरावरच्या जायबंदी माणसांची यादी त्याच दिवशी करा.

पटतंय का? नसेल पटत तर तेही खाली लिहा.