छाप्यांबरोबर तालुक्यात ओपीडीही हवी



ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी या अमली पदार्थाचा कारखाना सापडला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत. तेव्हापासून एमडी म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अशी बातमी आली की कोपरगावात दोन गोष्टी ठरलेल्या ऐकू येतात : पोलिसांनी फास आवळायला हवा आणि पोरांनी मन घट्ट करायला हवं. पहिलीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुसरी मात्र अर्धवट आहे आणि तिची किंमत घरातली माणसं मोजतात, म्हणून हे पत्र. मी इथे औषधांचं दुकान चालवतो.

व्यसनावरची व्याख्यानं बहुतेक डोपामिन या मेंदूतल्या रसायनापाशी थांबतात. नशेनं डोपामिन उसळतं, मेंदूला त्याची चटक लागते, हे खरंच आहे. पण कोकेन, मेफेड्रोन म्हणजे एमडी, यांसारखी उत्तेजक द्रव्यं सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनालाही हात घालतात. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये याबद्दल एक महत्त्वाचं काम प्रसिद्ध केलं. कोकेनची सवय लागलेल्या उंदरांना ते घेताना विजेचे झटके दिले, तर बहुतेक उंदीर थांबतात. पाचातला साधारण एक झटके सोसूनही घेतच राहतो. मग संशोधकांनी असे उंदीर घेतले, की ज्यांच्या मेंदूत कोकेनमुळे डोपामिन वाढायचं, पण सेरोटोनिन वाढू शकायचं नाही. त्यांच्यात न थांबणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. म्हणजे सेरोटोनिन तिथे ब्रेकचं काम करत होतं. उंदरांवरून माणसाचा निकाल लागत नाही, हे मान्य. तरी एकाच टोळक्यातली चार पोरं एकच पुडी वाटून घेतात, तिघं सुटतात आणि एक अडकतो, तेव्हा त्या एकाला ‘मनाचा कच्चा’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. चौघांचे संस्कार एकाच गल्लीतले असतात.

मग एमडीनं तर सेरोटोनिनही वाढतं, तरी पोरं का अडकतात? कारण एमडीचा अंमल तासा-दोन तासांत उतरतो आणि उतरला की लगेच दुसरी ओळ ओढावीशी वाटते. रात्रभर हे चालतं. पुढचे दोन-तीन दिवस झोप नाही, जेवण नाही, चिडचिड आणि जीव नकोसा वाटणं. घरच्यांना तो माज वाटतो.

माझ्या काउंटरवर एक माउली आली होती. पदराखालून मोबाईल काढला, त्यावरचा व्हिडिओ मला दाखवला आणि म्हणाली, “दादा, हे सेरोटोनिन वाढवायची गोळी द्या ना. पोराला तेच कमी पडलंय म्हणे.” चिठ्ठी नव्हती. मी गोळी दिली नाही, आणि का दिली नाही हे इथे लिहितो, कारण असे व्हिडिओ घरोघरी पाहिले जात आहेत. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं आणि रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. नैराश्यावरच्या ज्या गोळ्यांनी मेंदूतल्या सेरोटोनिनचा परिणाम वाढतो, त्या कोकेनच्या व्यसनावर वापरून पाहिल्या गेल्या. व्यसन सुटायला त्यांचा खात्रीचा उपयोग दिसला नाही. सेरोटोनिन स्वीकारणारे ग्राहक (रिसेप्टर) मेंदूत चौदा प्रकारचे आहेत. काही नशेची ओढ दाबतात, काही उलट वाढवतात, त्यामुळे सरसकट पातळी चढवून भागत नाही. यातल्या एकाच ग्राहकावर काम करणारं लॉरकासेरिन प्राण्यांमध्ये कोकेनची ओढ कमी करत होतं. वजन कमी करण्यासाठी बाजारात असलेलं ते औषध कर्करोगाच्या शंकेमुळे 2020 मध्ये अमेरिकेत मागे घ्यावं लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं : एमडी घेणाऱ्यानं आपल्या मनानं नैराश्यावरच्या अशा गोळ्या किंवा ट्रामाडॉल हे वेदनाशामक वरून घेतलं, तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊन ताप, थरथर, अंग ताठरणं, भ्रम असं होऊ शकतं. त्यात जीवही जातो.

दारू किंवा अफूच्या व्यसनाला निदान आधाराला औषधं आहेत. उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर अशी मान्यताप्राप्त गोळी आजही नाही. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, नशा न करता काढलेल्या प्रत्येक आठवड्याची तपासणी करून त्याबद्दल ठोस बक्षीस देण्याच्या पद्धतीचा, आणि सोबतच्या नैराश्यावर मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली उपचार करण्याचा. हे सगळं महिनोन् महिने, दर आठवड्याला करायचं काम आहे. पुण्यात ‘मुक्तांगण’ 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. पण पुणं दूरच राहिलं; साखर कारखान्यावर रोजंदारी करणाऱ्या बापानं पोराला घेऊन दर आठवड्याला नगर किंवा नाशिक गाठायचं, तर शंभरेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं आणि त्या दिवसाचा रोज बुडवायचा. दुसऱ्या महिन्यात तो येणं थांबवतो.

म्हणून माझी मागणी अशी : कोपरगावच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांची व्यसनमुक्ती ओपीडी सुरू करावी. तिला सरकारी मान्यता हवी, कारण अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ प्रमाणे सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो आणि ते पूर्ण करतो, तेव्हा त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. एमडीसाठी हे अल्प प्रमाण म्हणजे 2 ग्रॅमपेक्षा कमी. ही तरतूद पोलीस ठाण्यात, कॉलेजात आणि रुग्णालयाच्या दारात मोठ्या अक्षरांत लावावी, कारण पोरगा आत जाईल या भीतीनं आई-बाप आजार लपवतात. त्याखाली 14446 हा व्यसनमुक्तीचा आणि 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक लिहावा. आम्हा दुकानदारांनीही चिठ्ठीशिवाय ट्रामाडॉल आणि जिममधली पोरं मागतात ती टर्मिनची इंजेक्शनं देऊ नयेत; जो देईल त्याच्या परवान्यावर कारवाई झाली, तर माझी तक्रार नसेल.

– एक औषधविक्रेता, कोपरगाव (जि. अहिल्यानगर)