सल्ला नोंदवा, उत्तर द्या

गणेशोत्सव, ईद किंवा मोठी जयंती जवळ आली की जिल्हा आवृत्त्यांमध्ये एक बातमी ठरलेली असते : शांतता समितीची बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. सोबत छायाचित्र असते. मधोमध पोलीस अधिकारी, शेजारी तहसीलदार, दोन्ही बाजूंना मंडळांचे अध्यक्ष, माजी नगरसेवक आणि दरवर्षी दिसणारे तेच पाच-सात प्रतिष्ठित. अधिकाऱ्यांनी काय सांगितले ते सविस्तर छापलेले असते. डीजेचा आवाज, मिरवणुकीचा मार्ग, मंडपाची परवानगी, मोबाइलवरच्या अफवा. नागरिकांनी काय सांगितले ते मात्र ‘उपस्थितांनी विविध सूचना मांडल्या’ एवढ्यावर संपते. कोणत्या सूचना? कोणी मांडल्या? त्यांतल्या कोणत्या मान्य झाल्या, आणि ज्या झाल्या नाहीत त्या का नाही?

हे प्रश्न वर्षभर या दिवाळी अंकाच्या संपादकांच्या टेबलावर पडून आहेत आणि वर्षभर खुपत आहेत. गावाच्या, मोहल्ल्याच्या, वॉर्डाच्या सुरक्षिततेबद्दल तिथे राहणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकण्यासाठी राज्यात समित्यांची वाण नाही. शांतता समिती आहे, मोहल्ला कमिटी आहे, महिला दक्षता समिती आहे, पोलीस मित्र आहेत, गावोगावी तंटामुक्त समितीचे फलक आहेत. माणसे बोलावली जातात, बसवली जातात, त्यांना ऐकवले जाते. त्यांचे ऐकले गेले याचा कागद मात्र कुणाला दाखवता येत नाही.

2025 या वर्षाने या खुपण्यात भरच घातली. मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली आणि अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. जुलैमध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यावर लोकांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांवर 2022च्या मार्चपासून तेव्हाही प्रशासकच होते. म्हणजे रस्त्यावरचा दिवा बंद आहे, कोपऱ्यावरचा गुत्ता रात्रभर चालू आहे, शाळेच्या रस्त्यावर मुलींना त्रास होतो आहे, हे हक्काने सांगायला साडेतीन वर्षे नगरसेवकही नव्हता. अशा काळात पोलीस ठाण्यातली ती बैठक हीच नागरिकाच्या हातातली जागा उरते, आणि तिथेही त्याला श्रोता म्हणूनच बसवले जाते.

हे असेच चालायचे असते असे ज्यांना वाटते त्यांनी भिवंडीकडे पाहावे.

यंत्रमागांचे हे गाव महाराष्ट्राला दोन जखमांमुळे माहीत झाले. 1970च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीतून पेटलेली दंगल, जिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मदन यांचा आयोग नेमावा लागला, आणि 1984च्या मे महिन्यातली दुसरी दंगल. दोन दंगलींनंतर भिवंडी हा पोलिसांच्या नकाशावरचा कायमचा लाल ठिपका झाला. 1988मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी जादा कुमक मागण्यावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या बांधल्या, सुमारे सत्तर. या समित्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण यश तिच्यात होते. हिंदू आणि मुसलमान दोघेही एकाच समितीत, एकाच सतरंजीवर. सदस्य म्हणून नेहमीचे पुढारी नव्हे, तर माग चालवणारा, पानटपरीवाला, शिक्षक, गृहिणी. आणि समितीचा दुवा म्हणून वरिष्ठ अधिकारी नव्हे, तर त्या बीटचा साधा हवालदार.

या शेवटच्या गोष्टीत खोपडे यांची खरी बुद्धी दिसते. ज्या हवालदाराला एरवी वरून आदेश घ्यायचे आणि खाली काठी उगारायची एवढेच काम असे, त्याला मोहल्ल्यातल्या माणसांसमोर बसून त्यांचे ऐकावे लागले. नळावरचे भांडण, उधारीवरून झालेली बाचाबाची, पोरांची छेडछाड, अशा बारीकसारीक गोष्टी त्याच्या कानावर येऊ लागल्या. दंगलीची ठिणगी बहुतेक वेळा अशाच क्षुल्लक तंट्यात असते. तिला धर्माचा रंग चढण्याआधीच ती समितीत येऊन विझू लागली. माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली, हवालदारालाही नावाने हाक मारू लागली.

6 डिसेंबर 1992 रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत नऊशे माणसे मारली गेली, हा श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातला आकडा आहे. भिवंडी मुंबईच्या उंबरठ्यावर. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे होते. भिवंडी पेटली नाही. खोपडे यांनी पुढे याच अनुभवावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही दंगलींवरच्या आपल्या 2002मधल्या ग्रंथात भिवंडीच्या या प्रयोगाची दखल घेतली. जगातल्या अभ्यासकांना जे दिसले ते आपल्या गृह खात्याने कायमच्या नियमांत का बसवले नाही, हा प्रश्न तीस वर्षांनंतरही तसाच उभा आहे. खोपडे भिवंडीतून बदलून गेले. प्रयोग एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभा होता. त्याच्या मागे ना कायदा होता, ना कालमर्यादा, ना पुढच्या अधिकाऱ्यावर बंधन.

त्याची किंमत 5 जुलै 2006 रोजी दिसली. पोलीस ठाण्याच्या नव्या इमारतीच्या जागेवरून वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. ज्या गावाने पोलीस आणि मोहल्ला यांची बैठक देशाला शिकवली, त्याच गावात पोलीस ठाणे कुठे बांधायचे यावरून चार बळी गेले. हवालदार आणि मोहल्ला आठवड्या-पंधरवड्याला समोरासमोर बसत असते, तर हा विषय रस्त्यावर येण्याआधी सतरंजीवर आला असता. या अंकाचे हे ठाम मत आहे.

मुंबईनेही दंगलीनंतर हा धडा गिरवला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि शांतता कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. ज्या वस्त्या एकमेकींवर दगड फेकत होत्या, त्या वस्त्यांतल्या बाया एका खोलीत बसल्या. शांततेसाठीचे क्रिकेट सामने सुरू झाले, त्यांत पोलीस आणि वस्तीतली पोरे खेळली. पण मुंबईतल्या कामाचा भारही मुख्यतः स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या खांद्यांवर राहिला.

रिबेरो यांचे नाव या विषयात आणखी एका ठिकाणी येते. निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंह यांनी 1996मध्ये पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि त्या प्रकरणात 1998मध्ये रिबेरो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पोलिसांच्या कामगिरीवर आणि उत्तरदायित्वावर लक्ष ठेवणारा आयोग असावा, जिल्ह्याजिल्ह्यात तक्रार प्राधिकरण असावे, असे तिने सुचवले. न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोग नेमा, त्यात सरकारबाहेरची माणसे घ्या, त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असतील आणि त्याचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जाईल, हा त्यांतला पहिला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर प्राधिकरण नेमा, हाही त्यांतलाच एक.

महाराष्ट्राला कायदा करायला 2014 साल उजाडले. महाराष्ट्र पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि आयोग व प्राधिकरण कागदावर आले. पण सुरक्षा आयोगातले बिनसरकारी सदस्य सरकारच नेमणार, आणि तक्रार प्राधिकरण जिल्ह्याला नव्हे तर विभागाला. एका विभागात अनेक जिल्हे येतात. ज्या माणसाला आपल्या तालुक्याच्या ठाण्यात शिरताना घाम फुटतो, त्याने पोलिसाविरुद्धची तक्रार घेऊन आपला जिल्हा ओलांडावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. न्यायालयाने जिल्हा म्हटले होते, ते लोकांच्या पायांना झेपावे म्हणूनच.

इथे एक भेद नीट करायला हवा, नाहीतर समित्यांच्या नावाखाली भलतेच पीक येते. नागरिकाला पोलिसांचा मदतनीस करणे वेगळे आणि पोलिसांना प्रश्न विचारणारा करणे वेगळे. तामिळनाडूत 1993मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यातून ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ ही योजना निघाली. हेतू चांगला होता. तरुण स्वयंसेवक पोलिसांबरोबर गस्त घालू लागले, गर्दी आवरू लागले. 2020च्या जूनमध्ये सातानकुलम इथे पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर बाप-लेकाचा मृत्यू झाला, आणि आरोपांचे बोट या स्वयंसेवकांकडेही वळले. जुलैमध्ये राज्य सरकारने योजनेवर बंदी घातली. हातात काठी आणि खांद्यावर पट्टा दिला म्हणून नागरिकाचा आवाज वाढत नाही. तो ठाण्याचा माणूस होतो, वस्तीचा राहत नाही. आपल्याकडे बंदोबस्तासाठी पोलीस मित्र जमवताना हा धोका ध्यानात ठेवायला हवा. उन्हात उभे राहून वाहतूक सांभाळणाऱ्या पोरांचे कौतुक जरूर करावे. पण त्यांची टोपी म्हणजे नागरिकांचा सहभाग असे समजू नये.

मग सदस्य निवडायचे कोणी? याचे उत्तर महाराष्ट्रानेच एकदा शोधले होते. 15 ऑगस्ट 2007 रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावाची समिती ग्रामसभेतून बनायची. बांधाचे, वाटणीचे, नवरा-बायकोचे तंटे गावात मिटवणाऱ्या गावांना लोकसंख्येप्रमाणे बक्षीस मिळायचे. मोहिमेत दोष होते. जिथे गावातल्या दांडग्यांचेच वजन चालले, तिथे दुबळ्यावर, विशेषतः बाईवर, तडजोड लादली जाण्याचे भय होते, आणि अत्याचाराची तक्रार समितीत मिटवायची नसते हे ठणकावून सांगावे लागत होते. तरी मुळातली गोष्ट बरोबर होती. समितीला बसवणारा ठाणेदार नव्हता, ग्रामसभा होती. पाटील गेले, बक्षिसाचा रेटा ओसरला, आणि अनेक गावांत फलक तेवढे उरले. भिवंडीत अधिकाऱ्याची बदली झाली, इथे मंत्र्याचे पद गेले. दोन्हीकडे दुखणे एकच.

परदेशातही हे शहाणपण ठेच लागूनच आले आहे. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात 1981मध्ये दंगल झाली, लॉर्ड स्कारमन यांनी चौकशी केली, आणि पोलिसिंगबद्दल स्थानिक लोकांचे मत जाणून घेण्याची व्यवस्था 1984च्या कायद्यानेच बंधनकारक झाली. शिकागोने त्याहून पुढचे पाऊल टाकले. शहराच्या 22 पोलीस विभागांत प्रत्येकी तीन सदस्यांची परिषद, आणि हे सदस्य लोकांनी थेट मतदानाने निवडायचे. पहिली निवडणूक 2023च्या फेब्रुवारीत झाली. तिथले पोलीस त्यामुळे एका रात्रीत सुधारले असे नाही. पण त्या 66 माणसांची खुर्ची कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही.

आपल्याकडे मागणे फार नाही. समितीतली निम्मी माणसे तरी ग्रामसभेने किंवा वॉर्डातल्या सभेने सुचवलेली असावीत, आणि त्यांत स्त्रिया, भाडेकरू, फेरीवाले, वस्तीत नव्याने आलेले असावेत. पोलिसांच्या दृष्टीने जो ‘प्रतिष्ठित’ असतो त्याला रात्री दहा वाजता अंधाऱ्या गल्लीतून चालत घरी जायचे नसते. बैठक सणापुरती नको, दर महिन्याला हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मांडलेली प्रत्येक सूचना नोंदवहीत लिहिली जावी आणि पुढच्या बैठकीत ठाण्याने तिला लेखी उत्तर द्यावे. सूचना मान्य करायलाच हवी असे नाही. पोलिसांना गुन्ह्याची, बंदोबस्ताची, मनुष्यबळाची जी अडचण दिसते ती नागरिकाला दिसत नसेल. नाकारायचे तर नाकारावे, पण कारण लिहून. एवढे एक केले तरी समितीचा स्वभाव बदलेल. ज्या बाईने दिव्याचा खांब बंद असल्याचे सांगितले, तिला पुढच्या महिन्यात उत्तर मिळणार आहे हे कळले की ती चार जणींना घेऊन येईल. पोलिसांचाही त्यात फायदा आहे. दिवा महापालिकेने लावायचा, गुत्त्याचा परवाना उत्पादन शुल्क खात्याने तपासायचा, हे लेखी आले की प्रत्येक दोष खाकीवर येणार नाही. बारा-बारा तास उभ्या असलेल्या शिपायाच्या अडचणीही त्याच वहीत नोंदल्या जातील.

यंदाच्या अंकाचे सूत्र ‘शेजार’ आहे. पुढच्या पानांवरच्या कथा, ललित लेख आणि कविता दारांविषयी, भिंतींविषयी, एका नळावर भरलेल्या घागरींविषयी बोलतात. शेजार हा नुसता आठवणींचा विषय नाही, पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत जाणारा नागरी विषय आहे, म्हणून संपादकीयाने ही बाजू धरली आहे. दिवाळीत दार उघडे ठेवून रांगोळी काढता येते, ती शेजाऱ्याच्या आणि हद्दीतल्या हवालदाराच्या भरवशावर.

माहिती अधिकार कायदा लागू होऊन 2025च्या ऑक्टोबरमध्ये वीस वर्षे पूर्ण झाली. त्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपल्याला सल्ला देण्यासाठी नेमलेल्या समित्यांची यादी स्वतःहून जाहीर करायची असते, आणि त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहायला मिळते का, हेही सांगायचे असते. फराळाची गडबड ओसरली की वाचकांनी आपापल्या पोलीस ठाण्यात जाऊन शांतता समितीच्या सदस्यांची यादी आणि गेल्या वर्षभरातल्या बैठकांचे इतिवृत्त मागावे. तोंडी मागून मिळाले नाही तर दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. उत्तर तीस दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. आलेले उत्तर, किंवा न आलेल्या उत्तराची तारीख, या अंकाच्या पत्त्यावर पाठवावी. पुढच्या दिवाळीत ती ठाण्याच्या नावासह छापली जाईल.