खरे उत्तर नको असेल, तर प्रश्नच विचारू नका



परदेशात नर्स म्हणून जाऊ पाहणाऱ्या मुलींना सध्या सल्ल्यांची कमतरता नाही. एजंट, क्लासवाले, आधी पोहोचलेल्या ताया, सगळ्यांचे एका गोष्टीवर एकमत असते: मुलाखतीत खरे कारण सांगायचे नाही. आधीची नोकरी का सोडली? ‘नवे शिकायचे होते’ म्हणा. मध्ये काही महिने घरी का होतात? ‘लग्न ठरत होते’ म्हणा. मी मेलबर्नमध्ये नर्स आहे आणि मला हा सल्ला घातक वाटतो. पण तो देणाऱ्यांपेक्षा माझा राग, तो द्यायची वेळ आणणाऱ्या मुलाखत-मंडळांवर अधिक आहे.

विदर्भातून इकडे आलेल्या, माझ्या ओळखीच्या एका तरुण नर्सला मुलाखतीत विचारले गेले, ‘कठीण काळात तुम्ही स्वतःला कसे सावरलेत?’ तिने सरळ सांगितले. सलग रात्रपाळ्यांनी झोप उडाली, नैराश्य आले, उपचार घेतले, रजा घेतली, आता बरी आहे. नंतर नकाराची ठरावीक ईमेल आली. तेव्हापासून तिच्या मनाने घेतले आहे की आपले नाव इथल्या सगळ्या रुग्णालयांच्या काळ्या यादीत गेले. ती आता अर्जच करत नाही.

ही भीती ती गावाकडून घेऊन आली आहे. आपल्याकडे एका शहरातल्या मेट्रन एकमेकींना ओळखतात, बाँडच्या नावाखाली मूळ प्रमाणपत्रे अडकवली जातात, अनुभवाचा दाखला मिळवायला खेटे घालावे लागतात. अशा ठिकाणी एका फोनने दारे बंद होतात, हे तिने पाहिलेले आहे.

इथे तशी सामाईक यादी नाही. ‘आप्रा’ या नियामक संस्थेची नोंदवही कोणीही इंटरनेटवर उघडून पाहू शकतो. तिथे नोंदणी चालू आहे का, तिच्यावर काही अटी आहेत का, हे दिसते. मुलाखतीत कोण काय बोलले ते दिसत नाही. व्हिक्टोरियात नव्या पदवीधर नर्सच्या भरतीत रुग्णालये आपला पसंतीक्रम देतात, उमेदवार आपला देतात आणि संगणक जोड्या लावतो. त्यामुळे एका मंडळाने कागदावर काय खरडले, ते दुसऱ्या रुग्णालयाच्या टेबलावर जात नाही. त्याच रुग्णालयात पुन्हा अर्ज केला तर मात्र जुना कागद निघू शकतो, आणि संदर्भासाठी दिलेल्या वरिष्ठांना फोन जातोच. म्हणजे भीती अगदी निराधार नाही, पण तिला वाटते तेवढी मोठीही नाही.

शिवाय तो कागद मागता येतो, हे किती जणींना माहीत आहे? खासगी रुग्णालय असेल तर 1988 च्या प्रायव्हसी कायद्याखाली, व्हिक्टोरियातले सरकारी असेल तर 1982 च्या माहिती अधिकार कायद्याखाली, स्वतःविषयीच्या नोंदी पाहायला मागता येतात. काही अपवाद आहेत, पण विचारायला कोणाची बंदी नाही. 1992 चा अपंगत्व-भेदभावविरोधी कायदा तर पूर्वी होऊन गेलेल्या आजारालाही लागू होतो आणि त्यात मानसिक आजारही येतात. त्या कामाच्या मूळ गरजा उमेदवार पूर्ण करू शकते का, एवढेच मालकाने पाहायचे असते. अडचण पुराव्याची. नकाराच्या पत्रात ‘तुमच्या नैराश्यामुळे’ असे कोणी लिहीत नाही. ‘अधिक योग्य उमेदवार मिळाला’ असेच लिहितात.

मग खोटे बोलावे का? इथे आमच्या ताया दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. नोंदणीच्या अर्जात आणि दर मे महिन्यातल्या नूतनीकरणात नर्सिंग बोर्ड जे विचारते, त्याचे उत्तर खरेच द्यावे लागते. तो प्रश्नही ‘कधी आजारी होता का’ असा नाही, कामाच्या क्षमतेला बाधा आणणाऱ्या आजाराविषयी आहे. मुलाखत-मंडळाला मात्र निदान, गोळ्या, डॉक्टरचे नाव सांगायला तुम्ही बांधील नाही. ‘तब्येतीसाठी रजा घेतली होती, आता सर्व पाळ्या करू शकते’ हे पूर्ण उत्तर आहे, आणि खरेही. न सांगणे वेगळे, खोटे रचणे वेगळे.

खोटे रचण्याची किंमत ऑस्ट्रेलियाने मोजलेली आहे. जामनगरला जन्मलेले सर्जन जयंत पटेल 2003 मध्ये क्वीन्सलंडच्या बंडाबर्ग रुग्णालयात रुजू झाले. अमेरिकेत ओरेगनमध्ये त्यांच्या शस्त्रक्रियांवर बंधने आली होती, न्यूयॉर्कमधला परवाना त्यांनी परत केला होता. हे त्यांनी नोंदणीच्या वेळी खोटे सांगून दडवले. अतिदक्षता विभागाच्या प्रमुख नर्स टोनी हॉफमन पटेलांच्या शस्त्रक्रियांबद्दल प्रशासनाला पुन्हापुन्हा सांगत राहिल्या. कोणी ऐकेना, तेव्हा त्या आमदाराकडे गेल्या आणि मार्च 2005 मध्ये प्रकरण विधिमंडळात पोहोचले. पटेलांचा अमेरिकेतला इतिहास शेवटी एका पत्रकाराने गूगलवर शोधून काढला. रुग्णांच्या मृत्यूंबद्दल पटेलांना झालेली सदोष मनुष्यवधाची शिक्षा ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने 2012 मध्ये रद्द केली, पण नोंदणीसाठी केलेल्या फसवणुकीची कबुली पटेलांनी 2013 मध्ये न्यायालयात दिली. हॉफमन यांना 2006 मध्ये ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ पुरस्कारांतला ‘लोकल हीरो’ हा सन्मान मिळाला. तो मिळण्याआधीची वर्षे त्यांनी कशी काढली असतील, याची कल्पना कुठलीही वॉर्डातली नर्स करू शकते.

अशा देशातली रुग्णालये भिंतीवर ‘बोला, गप्प राहू नका’ अशी पोस्टर्स लावतात. व्हिक्टोरियात 30 नोव्हेंबर 2022 पासून रुग्णाला गंभीर इजा झाली तर खरे काय घडले ते सांगून माफी मागण्याचे बंधन कायद्यानेच रुग्णालयांवर आहे. हे बंधन शेवटी पाळायचे कोणी? चुकीचा डोस गेला हे पहाटे तीन वाजता, कोणी पाहत नसताना, स्वतःहून नोंदवणाऱ्या नर्सनेच ना? मग ‘तुमच्या हातून झालेली चूक सांगा’ असे विचारून, जिने खरी चूक सांगितली तिचे गुण कापायचे आणि पाठ केलेली गोड गोष्ट सांगणारीला घ्यायचे, ही कुठली निवड?

‘रुग्णाच्या सुरक्षेचे काय?’ असे मंडळातले लोक म्हणतात. धोका उपचार घेतलेल्या नर्सचा नाही, उपचार लपवणाऱ्या किंवा टाळणाऱ्या नर्सचा आहे. उपचार घेणाऱ्या नर्स-डॉक्टरांची तक्रार त्यांच्याच डॉक्टरांनी नियामकाकडे कधी करायची, ही अट 2020 मध्ये सैल झाली, ती याच विचाराने: शिक्षेच्या भीतीने कोणी डॉक्टरकडे जाणेच टाळू नये. कायद्याला कळले ते मुलाखतीच्या टेबलावर बसणाऱ्यांना कळायला हरकत नसावी.

आता अशा मंडळांवर आपल्यातल्याही काही वरिष्ठ नर्स बसतात. त्यांना माझी विनंती आहे: खरे उत्तर ऐकायची तयारी नसेल तर तो प्रश्न यादीतून काढून टाका. आणि नकार आलेल्या मुलींनी नकाराचे कारण लेखी मागावे, आपल्या नोंदी मागाव्यात, युनियनला फोन करावा आणि पुढचा अर्ज भरावा.

– एक मराठी परिचारिका, मेलबर्न (ऑस्ट्रेलिया)