गोंदण म्हणजे डाग नव्हे

फोटोला हात लावला की तो खोटा झाला, असं म्हणणारी मंडळी हल्ली बरीच भेटतात. कॅमेऱ्यानं टिपलं ते खरं आणि नंतर संगणकावर बसून केलं ती लबाडी, असा त्यांचा साधा हिशेब. समोरच्या बाजूला आमच्या स्टुडिओ-धंद्यातले बहुतेक जण. गिऱ्हाइकाला गोरा, गुळगुळीत, बारीक चेहरा हवा असतो, तो द्यायचा आणि पैसे घ्यायचे. बाकीची चर्चा रिकामटेकड्यांनी करावी, हे त्यांचं म्हणणं. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिला चुकीचा असला तरी त्यानं कुणाचं फारसं बिघडत नाही. दुसऱ्यापायी मात्र दर लग्नसराईत चांगले चेहरे नासतात. म्हणून पहिल्याचा निकाल आधी लावून टाकतो.

कॅमेरा खरं सांगतो, हे गृहीतकच कच्चं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश चांगला कळे, लाल-पिवळा जवळपास कळतच नसे. त्यामुळे गालावरची लाली प्रिंटमध्ये काळपट उतरे आणि एरवी जेमतेम दिसणारे वांगाचे ठिपके ठसठशीत होत. माणूस होता त्याहून थकलेला, रोगट दिसे. दोष प्लेटचा, भोगायचा चेहऱ्यानं. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगलनं १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रिटचिंगचं काम मांडलं, तेव्हा फोटोग्राफी जाहीर होऊन वीस वर्षंही झाली नव्हती. पुढे कितीतरी दशकं जगभरच्या स्टुडिओंत, आपल्याकडच्याही, तिरक्या काचेच्या मेजावर निगेटिव्ह ठेवून, मागून उजेड घेऊन, अणकुचीदार पेन्सिलीनं हे काम चाले. सुरकुतीची सावली निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. तिथे पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळते. नोल बंधूंचं फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. त्याच्या आधीचे सगळे फोटो सोवळ्यातले होते, असं समजणाऱ्यांनी जॉर्ज हरेलनं १९३१ मध्ये काढलेलं जोन क्रॉफर्डचं छायाचित्र पाहावं. मूळ प्रिंट आणि रिटच केलेली प्रिंट शेजारी ठेवली की चेहराभर पसरलेले ठिपके कुठे गेले, हे शोधावं लागतं.

प्लेटा गेल्या, रंगीत फिल्म आली. कोडॅकच्या रंगांची जुळणी बरीच वर्षं एका गोऱ्या बाईच्या छायाचित्रावरून होई. धंद्यात त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या मापात सावळा चेहरा बसत नसे. आता फोन. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं, कान मागे जातात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं: पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. शिवाय आजचे बहुतेक फोन बटण दाबल्याबरोबर अनेक फ्रेम एकत्र करतात, दाणे पुसतात, सावल्या उचलतात, मग आपल्याला फोटो दाखवतात. म्हणजे ‘हात न लावलेला’ फोटो तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच कुणीतरी हात लावून झालेला असतो. मग तुम्ही जाणतेपणी, डोळे उघडे ठेवून लावला तर बिघडलं कुठे?

बातमीतला फोटो, पासपोर्टचा फोटो, पोलिसांचा, डॉक्टरांचा फोटो, इथे मात्र शुद्धतावाद्यांचं शंभर टक्के खरं. तिथे चेहरा हा पुरावा असतो. जून १९९४ मध्ये ‘टाइम’नं मुखपृष्ठावर ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुद्दाम काळवंडून छापला. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’नं तोच फोटो जसाच्या तसा छापला होता, त्यामुळे चोरी लगेच पकडली गेली. पण तुमच्या आजीचा पंचाहत्तरीचा फोटो म्हणजे पंचनामा नव्हे.

आता दुसरा पक्ष, म्हणजे आमचेच भाऊबंद. त्यांचा हुकमी एक्का एकच: गिऱ्हाइकाला हेच लागतं. काउंटरवर गिऱ्हाईक खरोखर काय बोलतं, ते ऐका. “दादा, जरा टचिंग करा. डोळ्यांखालचं काळं दिसतंय तेवढं घालवा. ही पुटकुळी कालच आली बघा.” यात कुणी दुसरा चेहरा मागितलेला नाही. त्या दिवशी जागरण झालं होतं, पुटकुळीनं वेळ साधली होती, ट्यूबलाइट डोक्यावर होती, एवढीच तक्रार. आणि तिचं उत्तर म्हणून आम्ही काय करतो? स्किन स्मूथचा स्लायडर टोकाला नेतो, ब्राइटनेस चढवतो, हनुवटी दोन्ही बाजूंनी आत ढकलतो आणि ‘झालं काम’ म्हणतो. मागणी पुटकुळीची, शिक्षा सगळ्या चेहऱ्याला.

असा एखादा लग्नाचा अल्बम उघडून जरा नाकाजवळ धरा. नवरी नऊवारीत, मुंडावळ्या बांधलेल्या, कपाळावर चंद्रकोर. गाल मात्र नुकत्याच पुट्टी मारलेल्या भिंतीसारखा. त्यावरची लव गेली, रंध्रं गेली, त्यामुळे उजेडही गेला, कारण त्वचेवर उजेड दिसतो तो याच बारीक खडबडीतून. नथीचे मोती जिथे ओठाला टेकतात तिथली कड विरघळलेली. भुवईचे बाहेरचे केस धुक्यात. आता नजर खाली आणा: गळा दोन छटा गडद, कान तिसऱ्याच रंगाचे, आणि मेंदी काढलेले हात पूर्णपणे वेगळ्या बाईचे वाटावेत असे. तोंडावर फिरवलेला ब्रश कानापाशी थांबला होता, कारण पुढचे तीनशे फोटो रांगेत होते. हळदीच्या फोटोंची गत याहून वाईट. चेहऱ्यावरचा पिवळेपणा म्हणजे रंगाचा बिघाड, असं समजून ऑटो करेक्शन हळदच धुऊन काढतं. ज्या रंगासाठी अख्खं गोत जमलं होतं तोच फोटोत नाही!

आणि गोरेपणा. जून २०२०मध्ये शादी डॉट कॉमनं त्वचेच्या रंगावरून स्थळं चाळायची सोय काढून टाकली. त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’नं नाव बदललं. आमच्या संगणकांतल्या प्रीसेटला मात्र ही बातमी अजून कळलेली नाही. स्थळासाठी काढलेल्या फोटोत मुलगी दोन छटा उजळ करणं हे तिच्यावर उपकार केल्यासारखं सांगितलं जातं. उपकार कसले? कांदेपोह्यांच्या दिवशी ती दारातून आत येते तेव्हा समोरच्यांच्या मनात तुमचा फोटो असतो, आणि चांगलीभली मुलगी पहिल्या क्षणालाच त्या फोटोपुढे कमी पडते. तिचा रंग हा दोष आहे, असं ठरवलं कुणी? तुम्ही, आणि तेही तिला न विचारता. सावळ्या चेहऱ्यावर उजेड नीट पडला तर कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर जी चमक येते ती गोऱ्या चेहऱ्यावर सहसा येत नाही. ती राखणं हे कौशल्य. ती पुसून पांढरी भुकटी फासणं कुणालाही जमतं.

“मग मेकअपचं काय? तोही खोटाच की,” असा प्रतिप्रश्न येतो. मेकअप तिनं स्वतः निवडला, आरशात पाहून होकार दिला, आणि त्या दिवशी मांडवातल्या सगळ्यांनी तिला तशीच पाहिली. त्यामुळे तो फोटोत राहिलाच पाहिजे. तिच्या पाठीमागे संगणकावर केलेलं काम ही वेगळी गोष्ट. २००३ मध्ये ‘जीक्यू’च्या मुखपृष्ठावर केट विन्स्लेटला बारीक केलं गेलं, तेव्हा आपण अशा दिसत नाही आणि तसं दिसायची इच्छाही नाही, असं तिनं जाहीरपणे सांगितलं होतं. तिला निदान सांगायला व्यासपीठ होतं. चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या भावी नगरसेवकांबद्दल मला तेवढी सहानुभूती नाही. त्यांच्या सुरकुत्या त्यांच्याच कार्यकर्त्यांनी मागून घालवलेल्या असतात.

एका क्लिकमध्ये चेहरा ‘क्लीन’ करणाऱ्या एआय साधनांचं समर्थन तर सर्वांत पोकळ. यंत्राला डाग आणि खूण यांतला फरक कळत नाही. म्हातारीच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण त्याच्या दृष्टीनं काळे ठिपके. एका क्लिकसरशी ते साफ. ती लहान असताना गोंदणारणीपुढे मुठी आवळून बसली होती, आणि आज तिचाच नातू नकळत तिचं कपाळ कोरं करून भिंतीला लावतो. तेच देवीच्या व्रणांचं. देवीचे भारतातले शेवटचे रुग्ण १९७५ सालचे; त्यानंतर जन्मलेल्या चेहऱ्यांवर हे व्रण नाहीत. आजोबांच्या गालावरचे खड्डे म्हणजे ते त्या साथीतून वाचल्याची नोंद आहे. ते बुजवायचा अधिकार सॉफ्टवेअरला कुणी दिला?

श्रद्धांजलीच्या फोटोत हा प्रकार कळस गाठतो. घरात माणसाचा धड फोटो नसतो. कुठल्याशा मुंजीच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत हरभऱ्याएवढा चेहरा सापडतो. तो एआयला देऊन दोन फुटांचा केला की डोळे लख्ख, दात सरळ, पापण्या मोजता येतील अशा. फक्त ते डोळे अण्णांचे नसतात. निगेटिव्हमध्ये जे नव्हतं ते यंत्रानं दुसऱ्या अनेकांच्या चेहऱ्यांवरून बेतून भरलेलं असतं. अशा वेळी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं: काकू, हा फोटो पाच बाय सातच्या वर जाणार नाही, थोडे दाणे दिसतील, पण अण्णाच दिसतील. मी सांगतो, आणि काकूंना ते पटतं.

मग करायचं काय, असं विचाराल तर धंद्यातला जुना ठोकताळा पुरेसा आहे. दोन आठवड्यांनी जे चेहऱ्यावर नसेल ते काढा: पुटकुळी, डास चावल्याची गांध, दाढीचा काप, खांद्यावरचा धागा, डोळ्यावर आलेली बट. जे असेल ते ठेवा. तीळ, व्रण, जन्मखूण यांबाबत शंका असेल तर माणसालाच विचारा, तो समोरच बसलेला असतो. डाग काढायला हीलिंग ब्रश. २००२ पासून फोटोशॉपमध्ये आहे. तो शेजारच्या त्वचेचा पोत घेतो आणि जिथे लावायचा तिथला रंग-उजेड सांभाळतो, म्हणून ठिगळ दिसत नाही. पण काम वेगळ्या लेयरवर करा, म्हणजे नंतर त्याचा जोर कमी करता येतो. डोळ्यांखालची वळी कधीच पूर्ण घालवू नका, निम्मी करा; ती डोळ्याचाच भाग आहे, पुसली की डोळा सपाट चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा होतो. दातांचा पिवळेपणा उतरवा, पण दात डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा पांढरे झाले तर थांबा.

फ्रिक्वेन्सी सेपरेशनचं सध्या फार कौतुक चालतं. पोत एका लेयरवर, रंग-उजेड दुसऱ्यावर, ही कल्पना उत्तम. हाताबाहेर मात्र पटकन जाते: खालच्या लेयरवर ब्लर थोडा जास्त झाला की गालाचं हाड बसतं आणि चेहरा पोळीसारखा लाटला जातो. मला डॉज अँड बर्न बरं वाटतं. अगदी कमी फ्लोचा मऊ ब्रश घेऊन, जिथे सावली खोल आहे तिथे कणाकणानं उजेड द्यायचा. वेळ लागतो. पोत शाबूत राहतो. पेन्सिल धरून निगेटिव्हवर वाकलेला जुना कारागीर हेच करत होता. आणि दोनशे टक्के झूमवर तासभर बसू नका. तिथे प्रत्येक रंध्र गुन्हेगार वाटू लागतं. छापायच्या आकारात पाहा, मान, कान, हात चेहऱ्याशी जुळतात का ते तपासा, आणि जमलं तर काम रात्रभर तसंच ठेवून सकाळी ताज्या डोळ्यांनी बघा. सकाळी निम्मं काम उलट फिरवावंसं वाटतं, ते फिरवा.

फ्रान्सनं २०१७ मध्ये आणि नॉर्वेनं २०२२ मध्ये जाहिरातींतल्या अशा फेरफारांवर तसं लिहिणं सक्तीचं केलं. ते जाहिरातींपुरतं. घरातल्या अल्बमवर कायद्याचा शिक्का नको. तिथे दुकानदाराची आणि गिऱ्हाइकाची बोलणी पुरे. म्हणून पुढच्या वेळी स्टुडिओत जाल तेव्हा “गोरं करा” म्हणू नका, नेमकं काय काढायचं आणि काय ठेवायचं ते बोट ठेवून सांगा. हाताळलेल्या फोटोबरोबर मूळ फाइलही पेनड्राइव्हवर मागा. स्टुडिओवाला का-कू करू लागला तर त्याला आठवण द्या: १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या प्रताधिकाराचा पहिला मालक तो काढून घेणाराच असतो.