कासवाला हवी उन्हाची पायरी



गेल्या मार्चमध्ये आमच्या चौथीच्या वर्गात एक पाहुणा आला होता. प्लास्टिकचा छोटा टब, त्यात चार बोटं पाणी, मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि त्याखाली एक इवलंसं हिरवं कासव! डोळ्यामागे लाल पट्टा. कवच जेमतेम दोन इंचांचं. सगळा वर्ग टबाभोवती गोळा झाला. पण ज्याचं कासव होतं तो मुलगा मात्र रडवेला होता.

"मॅडम, थे काहीच खात नाही. नुसतं झोपून राह्यते. काऊन?"

मी कवचाला हलकेच बोट लावलं, तर ते मऊ लागलं. कासवाला ऊन लागतं एवढं मला ठाऊक होतं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "अरे, काचेच्या टाकीत ठेव आणि टाकी गच्चीवर उन्हात ठेव."

दुसऱ्या दिवशी तो आला तो घुश्शातच. मार्चमधलं अमरावतीचं ऊन तुम्हाला मी काय सांगावं? दुपारी त्याच्या आईनं सहज पाण्यात हात घातला, तर पाणी चटका बसेल इतकं तापलेलं! कासव बिचारं कासावीस होऊन काचेवर पाय मारत होतं. आईनं लगेच सावलीत नेलं म्हणून वाचलं. "तुम्हीच तर सांगितलं होतं ना, मॅडम?" तो म्हणाला. खरंच होतं. चूक माझीच होती.

मग त्याला आणि त्याच्या बाबांना घेऊन मी पशुवैद्यांकडे गेले. तिथं जे शिकले, तेच आज तुम्हाला सांगते.

हे कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. ते पोहतं, पाण्यातच खातं. पण दिवसातून काही तास पाण्याबाहेर येऊन कोरडं होतं आणि शेकत बसतं. त्याचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. अंग तापलं तरच त्याला भूक लागते आणि खाल्लेलं पचतं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होतं, त्यामुळे कॅल्शियम मुरतं आणि कवच टणक होतं. टबात ना कोरडी जागा, ना ऊन. म्हणून कवच मऊ! आणि हे किरण साध्या काचेतून फारसे आत येतच नाहीत. म्हणजे खिडकीच्या बंद काचेमागे टाकी ठेवली, तर नुसता उकाडा मिळतो.

तर घर कसं करायचं?

आधी पाणी. कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर, असा ढोबळ हिशेब धरतात. चार इंचांच्या कासवाला १६० लिटर! पाणी इतकं खोल हवं, की कासव उलटं झालं तर त्याला सहज सुलटं होता यावं. म्हणजे कवचाच्या लांबीच्या दीडपट-दुप्पट तरी. पाण्याचं तापमान २४ ते २८ अंश. आपल्याकडे थंडीत ते घसरतं आणि मे महिन्यात फार वाढतं, म्हणून टाकीत तापमापक हवाच. उन्हाळ्यात टाकी घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

मग पायरी. विटा रचून त्यावर फरशीचा खरबरीत तुकडा तिरपा टेकवा. कासवाला पाण्यातून चढता आलं पाहिजे आणि वर पूर्ण कोरडं बसता आलं पाहिजे. वीट-फरशी हलत नाही ना, हे दाबून पाहा. नाहीतर कासव खाली अडकायचं. पायरीवर ३० ते ३२ अंश ऊब हवी. त्यासाठी वर एक साधा बल्ब आणि अतिनील किरणांची खास नळी लावतात. हे काम मोठ्यांचं, बरं का! पाण्याजवळ वीज म्हणजे खेळ नव्हे. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, तर उघड्या टोपल्यात, अर्धी सावली ठेवून आणि जवळ बसून. मांजर आणि कावळे टपलेलेच असतात.

नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग टाकीत घाला, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. पाणी गाळणारं यंत्र बसवलं, तरी दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचंच. खायला पोळी, भात, दूध नको. कासवासाठी मिळणारे दाणे, बारीक मासळी आणि मोठं होत जाईल तसा हिरवा पाला. पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात तो समुद्रफेसाचा तुकडा टाकीत सोडा. त्यातून कॅल्शियम मिळतं.

आणि कासवाला हात लावला की साबणानं हात धुवायचेच. त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यानं पोट बिघडतं. याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे दोन इंचांचं बाळ वाढून दहा-बारा इंचांचं होतं आणि २५-३० वर्षंही जगतं. तुम्ही आज चौथीत. उद्या नोकरीला लागाल, तरी ते असेल! कंटाळा आला म्हणून वडाळी किंवा छत्री तलावात सोडून देऊ, असं मनातही आणू नका. तिथं ते आपल्या देशी कासवांचं अन्न आणि शेकायच्या जागा बळकावतं. याच भीतीनं युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. सांभाळणं जमत नसेल तर पशुवैद्यांना किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारा.

आणि शेतातल्या विहिरीत सापडलेलं कासव? ते घरी आणायचंच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या देशी कासवांना संरक्षण दिलं आहे. ती पाळणं गुन्हा आहे. ते जखमी दिसलं तर वनविभागाला कळवा. विहिरीचं कासव विहिरीतच शोभतं, आणि दुकानातलं तलावात कधीच नाही. एवढं लक्षात ठेवा.

आमच्या पाहुण्याचं काय झालं? बाबांनी तीन फुटांची टाकी आणली, विटांची पायरी मुलानं स्वतः रचली. पहिले चार दिवस कासव पायरीकडे फिरकलंच नाही. पाचव्या दिवशी तो धावत वर्गात आला, "मॅडम, चढलं! पाय लांब करून बसलं!" पावसाळा संपेपर्यंत कवचही टणक झालं.

तुम्हालाही कासव हवंय? मग आधी आई-बाबांना सोबत घ्या, घरात तीन फुटांची जागा मोजा, आणि २५ वर्षांनी तुमचं वय किती असेल, ते वहीत लिहा. त्यानंतरच दुकानात जा.

तुमच्या,
बाई